इंटरफेरॉन : आधी नाव, मग वस्तू

एका प्रयोगशाळेच्या शीतकपाटात ठेवलेली, बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी मध्यंतरी पाहण्यात आली. तळाशी जेमतेम दिसेल एवढी पांढरी पूड. तिच्या वेष्टनावरचा मजकूर मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून वाचावा असा होता. पहिल्या ओळीत पदार्थाचे नाव : रिकॉम्बिनंट मानवी इंटरफेरॉन अल्फा २बी. त्याखाली उगम : ई. कोलाय, म्हणजे आपल्या आतड्यात वस्तीला असणारा एक जिवाणू. आणि सर्वांत खाली सूचना : केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. जे मानवी आहे ते जिवाणूने तयार केले आहे, आणि ते माणसाला द्यायचे नाही! मजकूर लिहिणाऱ्याला यात काही वावगे वाटले नसणार, कारण शास्त्राच्या दृष्टीने त्यातला प्रत्येक शब्द काटेकोर आहे. पण हे शब्द एकमेकांच्या शेजारी येण्यामागे जो इतिहास आहे, तो जितका एका प्रथिनाचा आहे तितकाच एका नावाचाही आहे; आणि म्हणूनच तो या पानांवर मांडण्याचे धाडस करतो आहे.

इंटरफेरॉन हा शब्द १९५७ साली छापला गेला. हा शब्द ज्या वस्तूचे नाव होता, ती वस्तू शुद्ध रूपात हाती यायला १९७८ उजाडले आणि हवी तितकी मिळायला १९८० चे दशक. मधली वीसेक वर्षे शास्त्रज्ञांपाशी नाव होते, परिणाम होता; पदार्थ जवळजवळ नव्हता. या काळात त्या नावाने जे काही केले, घडवले आणि बिघडवले, त्याचा हा धांडोळा.

एका विषाणूची बाधा झालेल्या प्राण्याला दुसऱ्या विषाणूची बाधा सहसा लवकर होत नाही, ही गोष्ट तशी जुनीच. १९३७ साली फिंडले आणि मॅकॅलम यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवले होते की, रिफ्ट व्हॅली तापाचा विषाणू टोचलेले माकड पीतज्वराच्या विषाणूला दाद देत नाही. या प्रकाराला इंग्रजीत ‘इंटरफिअरन्स’, म्हणजे आडकाठी, असे म्हणत. आडकाठी नेमकी कशी होते, याविषयी तर्कवितर्क बरेच होते. पहिला विषाणू पेशीचे दार अडवून बसतो की आतले सामान संपवून टाकतो, अशा चर्चा चालत.

१९५६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या उत्तरेला मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत दोन माणसे भेटली. ॲलिक आयझॅक्स हे ग्लासगोचे, पस्तिशीतले, इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे जाणकार. ज्याँ लिंडेनमान हे त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, स्वित्झर्लंडहून वर्षभरासाठी आलेले. दोघांनाही आडकाठीच्या कोड्यात रस आहे, हे चहाच्या वेळच्या गप्पांत निघाले. त्यांचा प्रयोग आज वाचला तर साधा वाटतो. उष्णतेने निकामी केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्यांनी कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यातील पातळ पटलाच्या तुकड्यांबरोबर क्षारयुक्त पाण्यात ठेवला. काही तासांनी तुकडे काढून घेतले आणि उरलेल्या पाण्यात पटलाचे ताजे तुकडे टाकले. त्यानंतर या ताज्या तुकड्यांना जिवंत विषाणू दिला, तर तो वाढेना. याचा अर्थ आडकाठी करणारी वस्तू आता त्या पाण्यात होती. ती विषाणूचा अंश नव्हती, हेही त्यांनी तपासून पाहिले. बाधा झालेल्या पेशीनेच काहीतरी बाहेर सोडले होते आणि ते शेजारच्या निरोगी पेशींना सावध करत होते.

त्या ‘काहीतरी’ला नाव हवे होते. भौतिकशास्त्रज्ञांपाशी इलेक्ट्रॉन आहे, न्यूट्रॉन आहे. मग जीवशास्त्रालाही एखादा मूलकण का नसावा, अशा थट्टेच्या ओघात ‘इंटरफेरॉन’ हा शब्द आला असे सांगितले जाते. थट्टा असली तरी तिच्यात त्या काळाची सगळी महत्त्वाकांक्षा आहे. ‘ऑन’ हा प्रत्यय पदार्थविज्ञानाच्या प्रतिष्ठेतून उसना घेतलेला. त्याने एका धूसर परिणामाला कणाचे, म्हणजे निश्चित, एकसंध, हातात धरता येईल अशा वस्तूचे रूप दिले. १९५७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जो निबंध आला, त्याच्या शीर्षकात इंटरफेरॉनच्या आधी ‘द’ हे निश्चयवाचक उपपद आहे. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे आपल्या कानाला त्याचे वजन चटकन जाणवत नाही. पण इंग्रजीत त्या एका अक्षरगटाने सांगितले की असा पदार्थ आहे, आणि तो एकच आहे. यांपैकी पहिले विधान पुढे खरे ठरले. दुसरे ठरले नाही.

येथे थोडे थांबून टोकियोकडे वळावे लागते. त्याच्या तीन वर्षे आधी, १९५४ साली, टोकियो विद्यापीठाच्या संसर्गजन्य रोग संस्थेत यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा हे ससे आणि लसीचा विषाणू घेऊन काम करत होते. अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेला विषाणू सशाच्या अंगात टोचला, तर तेथील ऊतींच्या अर्कात विषाणूला रोखणारा एक द्रव घटक सापडतो, असे त्यांना आढळले होते. प्रतिपिंडे तयार व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी हे संरक्षण मिळत होते. त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते फ्रेंच भाषेत, पॅरिसच्या एका जीवशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात. त्या घटकाला त्यांनी जे नाव दिले ते ‘विषाणुरोधक घटक’ या अर्थाचे, नेमके आणि नम्र होते. आज इंटरफेरॉनच्या बहुतेक इतिहासांत नागानो आणि कोजिमा यांचा उल्लेख एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. त्यांचे आणि मिल हिलचे प्रयोग तंतोतंत एक नव्हते, आणि नागानोंनी पाहिलेला परिणाम सर्वस्वी इंटरफेरॉनचाच होता का, यावर पुढे वाद झाले, हे मान्य करूनही माझे मत असे की, श्रेयाच्या या वाटपात प्रयोगाइतकाच हात भाषेचा आहे. इंग्रजीचे राज्य सुरू झालेल्या विज्ञानात जपानी माणसांनी फ्रेंचमध्ये लिहिले, आणि वस्तूचे वर्णन केले, तिचे बारसे केले नाही. वर्णन कितीही अचूक असले तरी ते तोंडी रुळत नाही. मराठीत पारिभाषिक शब्द घडवणाऱ्या आपल्या समित्यांना हा अनुभव नवा नाही.

बारसे झाले म्हणून बाळ बाळसे धरतेच असे मात्र नाही. इंटरफेरॉन मिळे ते इतके कमी की त्याचे वजन करणे शक्यच नसे. मग मोजायचे कसे? तर परिणामाने. ताटलीतल्या पेशींवर द्रवाचे अधिकाधिक पातळ थेंब घालायचे, वर विषाणू सोडायचा, आणि कुठल्या पातळपणापर्यंत विषाणूची करामत निम्म्याने घटते ते पाहायचे. त्या मात्रेला एक एकक म्हणायचे. अशा रीतीने ज्याचे रासायनिक स्वरूप माहीत नाही, ज्याच्या तथाकथित नमुन्यात नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग दुसऱ्याच प्रथिनांचा आहे, त्याचीही लाखांत मोजदाद होऊ लागली. संशयवाद्यांना हे पटेना. अमेरिकेतल्या काहींनी त्याचे ‘मिसइंटरप्रिटॉन’ असे नामांतर केले. म्हणजे अर्थ लावण्यात चूक झाली की जो निपजतो तो कण. कोटी म्हणून ती उत्तमच आहे, आणि मूळ नावाची शक्ती कशात होती हे तिने बरोबर हेरले आहे. प्रत्यय तसाच ठेवून तिने आतला माल काढून घेतला.

उलट दिशेने कल्पनाशक्तीही कामाला लागली होती. १९६० साली ‘फ्लॅश गॉर्डन’ या अमेरिकन चित्रमालिकेत परग्रहावरच्या विषाणूने ग्रासलेल्या अंतराळवीराला इंटरफेरॉनने वाचवल्याचे दाखवले गेले. प्रत्यक्षात एकाही माणसाचा रोग त्याने बरा झालेला नसताना! ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने तीन मोठ्या औषध कंपन्यांना बरोबर घेऊन काम सुरू केले होते. पेनिसिलिन आपले असून त्याचा पैसा अमेरिकेत गेला, ही खंत त्या खटपटीमागे होती. १९६२ साली स्वयंसेवकांच्या दंडावर, देवीची लस टोचायच्या जागी, आधी माकडाच्या पेशींतून मिळवलेले इंटरफेरॉन देऊन पाहिले, आणि लसीचा फोड बहुतेकांत उठला नाही. पण सर्दीवर ते चालेना. आयझॅक्स स्वतः १९६७ च्या जानेवारीत मेंदूतील रक्तस्रावाने गेले. वय ४५. ज्या वस्तूला त्यांनी नाव दिले तिचा शुद्ध कण त्यांनी कधीच पाहिला नाही.

यानंतरची काही वर्षे इंटरफेरॉन जिवंत राहिले ते मुख्यतः हेलसिंकीच्या कारी कान्तेल यांच्यामुळे. मला या सगळ्या कथेतला सर्वांत लोभसवाणा माणूस हाच वाटतो. इंटरफेरॉनचा मोठा पेच असा की ते बहुतांशी आपापल्या प्राणिजातीपुरतेच चालते; कोंबडीचे माणसाला उपयोगी नाही. तेव्हा मानवी इंटरफेरॉन मानवी पेशींतूनच काढायला हवे. कान्तेल यांनी फिनलंडच्या रेडक्रॉसच्या रक्तपेढीशी संधान बांधले. दात्यांच्या रक्तातून तांबड्या पेशी आणि रक्तद्रव काढून घेतल्यावर पांढऱ्या पेशींचा जो पातळ थर उरे, तो एरवी टाकूनच दिला जाई. कान्तेल तो मागून घेत, त्यावर सेंडाई नावाचा विषाणू सोडत (हे जपानमधल्या गावाचे नाव, नागानोंचा देश असा आडवाटेने पुन्हा येतो) आणि एका रात्रीत पेशींनी जे सोडले ते गोळा करत. हजारो बाटल्या रक्तातून हाती येणारे खरे इंटरफेरॉन मिलिग्रॅममध्ये मोजावे लागे. १९७० च्या दशकात जगातल्या वैद्यकीय चाचण्यांना लागणारे बहुतेक इंटरफेरॉन या एका प्रयोगशाळेतून जात होते. कान्तेल यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. जो मागेल त्याला त्यांनी ती शिकवली.

याच मालावर १९७२ साली इंग्लंडमध्ये सर्दीवरची चाचणी यशस्वी झाली. मात्र काही स्वयंसेवकांच्या नाकांसाठी लागलेली मात्रा इतकी अफाट होती की औषध म्हणून विचारही करवू नये. याच मालावर स्टॉकहोममध्ये हान्स स्ट्रान्डर हाडांच्या कर्करोगाच्या, बव्हंशी कोवळ्या वयातल्या, रुग्णांवर उपचार करत होते आणि त्यांचे निकाल आशादायक दिसत होते. आता नावाला नवा अर्थ चिकटला. विषाणूला आडकाठी करणारे ते कर्करोगालाही करील. न्यूयॉर्कमध्ये माथिल्ड क्रिम या विदुषीने परिषदा भरवल्या, धनिकांना आणि राजकारण्यांना पटवले. १९७८ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने इंटरफेरॉन विकत घेऊन चाचण्या करण्यासाठी २० लाख डॉलर दिले. ज्यांच्या घरात कर्करोगाचा रुग्ण होता, अशा कुटुंबांना हा शब्द तोंडपाठ झाला. या टप्प्यावर नावाची किंमत कोण मोजत होते, हे इतिहासकार फारसे सांगत नाहीत. ज्या वस्तूचा पुरेसा साठा जगात कुठेच नव्हता, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारणारी ती माणसे होती, आणि डॉक्टरांकडे द्यायला उत्तर नव्हते.

वस्तू शेवटी आली ती जिवाणूच्या पोटातून. झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या प्रयोगशाळेत शिगेकाझु नागाता हे जपानी संशोधक या कामावर होते. कान्तेल त्यांचे भागीदार. विषाणूने डिवचलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये इंटरफेरॉन बनवण्याचा निरोप आरएनएच्या रूपात असतो. तो निरोप असंख्य इतर निरोपांच्या गर्दीत मिसळलेला. सगळ्यांच्या डीएनए प्रती काढून त्या जिवाणूंमध्ये एकेक करून घातल्या, तर हजारो जिवाणू-वसाहतींपैकी एखादीत नेमकी ती प्रत असणार. ती ओळखण्याची युक्ती मोठी मजेदार होती. वसाहतींच्या गटागटाने डीएनए घ्यायचा, त्याला चिकटणारा आरएनए वेगळा करायचा, तो बेडकाच्या अंडपेशीत टोचायचा, आणि ती अंडपेशी इंटरफेरॉन बनवते का ते पाहायचे. गट लहान लहान करत शेवटी एका वसाहतीपर्यंत यायचे. १९७९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, जिवाणूच्या अर्काने विषाणूला रोखलेले दिसले. माणसाचे वाक्य जिवाणूने म्हणून दाखवले होते. त्याच वर्षी टोकियोत तादात्सुगु तानिगुची यांनी दुसऱ्या जातीच्या, बीटा इंटरफेरॉनच्या जनुकाची प्रत वेगळी केली होती. ज्याँ लिंडेनमानही तेव्हा झुरिकमध्येच होते, आणि इन्फ्लुएन्झाला न जुमानणाऱ्या उंदरांच्या एका वाणावर शांतपणे काम करत होते.

१६ जानेवारी १९८० रोजी बोस्टनमध्ये बायोजेन या नव्या कंपनीने पत्रकार परिषद घेतली. शास्त्रीय निबंध छापून यायला अजून दोन महिने होते. बातमी आधी बाजाराला आणि मग विद्वानांना, हा क्रम तेव्हा अनेकांना खटकला. आज तो कोणाच्या लक्षातही येत नाही. मार्चअखेरीस ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर इंटरफेरॉन आले. तेथे आद्याक्षरांवर एक श्लेष केला होता. इंटरफेरॉनचा संक्षेप ‘आयएफ’, आणि इंग्रजीत तो वाचला की होतो ‘इफ’, म्हणजे ‘जर’. संपादकांना बहुधा केवळ चटकदारपणा हवा होता, पण शब्द अगदी योग्य पडला. इतकी वर्षे हे औषध संकेतार्थातच जगत होते. जर मिळाले तर, जर शुद्ध झाले तर, जर पुरेसे झाले तर.

आणि आता ते मिळाले, शुद्ध झाले, पुरेसे झाले. मग काय झाले?

पहिली गोष्ट म्हणजे एकवचन गेले. माणसात केवळ अल्फा इंटरफेरॉनचीच तेरा जनुके निघाली. शिवाय बीटा, गॅमा, आणि २००३ मध्ये लॅम्डा. एकाच ‘इंटरफेरॉन’च्या ठिकाणी एक गोतावळा उभा राहिला. त्यातही सूक्ष्म भेद आहेत. अल्फा २ए आणि अल्फा २बी ही दोन प्रथिने १६५ दुव्यांच्या साखळ्या. फरक एवढाच की २३ व्या जागी एकात लायसिन आहे, दुसऱ्यात आर्जिनिन. शुद्धलेखनातल्या एका अक्षराचा फरक म्हणावा असा. पण दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्यांची दोन व्यापारी नावांची दोन औषधे केली. पाठभेदाची चिकित्सा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे असे आणखी एक : मानवी पेशी अल्फा २ ला १०६ व्या जागी साखरेचा एक लहानसा तुरा लावते. जिवाणूला ती विद्या नाही. त्यामुळे कुपीतले मानवी प्रथिन म्हणजे मूळ संहितेची बरोबर, पण अलंकार गळालेली प्रत असते. ती काम मात्र तितकेच करते.

दुसरी गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. कान्तेल यांचे इंटरफेरॉन टोचले की रुग्णांना ताप येई, थंडी वाजे, अंग मोडून निघे, गळाठा येई. सर्वांची समजूत अशी की हा दोष भेसळीचा. नव्व्याण्णव टक्के परक्या प्रथिनांचा. शुद्ध रिकॉम्बिनंट माल हाती आल्यावर तो टोचून पाहिला, तर ताप आणि थंडी जशीच्या तशी. भेसळ निर्दोष होती. फ्लू झाल्यावर आपण जे अंथरूण धरतो, ज्याला विषाणूचा जुलूम समजतो, त्यातला मोठा वाटा आपल्याच पेशींनी एकमेकींना दिलेल्या इशाऱ्याचा असतो. पंचवीस वर्षे इंटरफेरॉन हे कुठूनतरी मिळवायचे दुर्मीळ रत्न मानले गेले, आणि या सबंध काळात ते दर पावसाळ्यात घरोघरी अंगात येऊन जात होते.

चमत्कार झाला नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या चाचण्यांचे निकाल माफक निघाले. जून १९८६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती रक्ताच्या एका विरळ कर्करोगासाठी, आणि त्या रुग्णांना खरोखरच गुण आला. पुढे हिपॅटायटिस बी आणि सी, नंतर १९९३ पासून बीटा इंटरफेरॉन मल्टिपल स्क्लेरोसिससाठी. हिपॅटायटिस सी च्या रुग्णांनी अनेकदा वर्षभर ही इंजेक्शने घेतली, ताप आणि काहींनी त्याबरोबर येणारे नैराश्यही सोसले. २०१३ नंतर तोंडाने घ्यायच्या नव्या गोळ्या आल्या, आणि त्या आजारात इंटरफेरॉनची जागा गेली. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या अल्फा २बी च्या एका रूपाला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांतून हे नाव पुन्हा थोडे दिवस झळकले.

औषध म्हणून त्याचे तेज असे ओसरत असताना, मानवी वापरासाठी नसलेली ती लहान कुपी मात्र जगभरच्या शीतकपाटांत स्थिर झाली. तिचे काम रोग बरा करण्याचे नाही, प्रश्न विचारण्याचे आहे. पेशींवर तिचा ठरावीक अंश घालायचा आणि कोणती जनुके जागी होतात ते पाहायचे. अमुक विषाणू हा इशारा दाबतो का, अमुक माणसाच्या पेशींना तो ऐकूच येत नाही का, हे तपासायचे. कान्तेल यांच्या काळच्या मिश्रणाने असे प्रश्न विचारता आले नसते. उत्तर कोणत्या प्रथिनाने दिले हेच कळले नसते.

२०२० साली ज्याँ-लोराँ काझानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोविडने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांचे रक्त तपासले. शुद्ध इंटरफेरॉन, पेशी, आणि त्यात रुग्णाचा रक्तद्रव; इशारा पेशींपर्यंत पोहोचतो की वाटेत कोणी अडवते, एवढेच पाहायचे. १०१ जणांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली, आणि त्यांतले ९५ पुरुष होते. ज्यांना सौम्य आजार झाला होता किंवा लक्षणेच नव्हती, अशा ६६३ बाधितांत तसा एकही निघाला नाही.